थांबता येईल असा हप्ता

आमच्या टीममध्ये नोकरी सोडण्याची भाषा न करणारा माणूस एकच आहे. त्याला नोकरी आवडते असं अजिबात नाही. दोन वर्षांपूर्वी त्यानं ताथवड्यात टू-बीएचके घेतला, तेव्हापासून तो या विषयावर गप्प असतो. बाकी आम्ही सगळे दर शुक्रवारी कॅन्टीनमध्ये राजीनामे देतो आणि सोमवारी निमूट लॉगिन करतो. आमचे राजीनामे चालू असताना तो खाली मान घालून डबा खातो.

मॅनेजर लोकांना हे बरोबर माहीत असतं. कुणी फ्लॅट बुक केल्याची बातमी आली की सगळ्यात मोठ्यानं अभिनंदन तेच करतात. एकदा पेढा खाता खाता आमचा मॅनेजर म्हणाला, "चला, आता हा वीस वर्षं कुठं जात नाही." सगळे हसले. पेढे वाटणाराही हसला. त्या आठवड्यात माझ्या बॅगेत तीन गृहप्रकल्पांची ब्रोशर होती, आणि त्याच बॅगेतल्या लॅपटॉपमध्ये नुकताच अपडेट केलेला रेझ्युमे होता. एक घर घेण्यासाठी, दुसरा नोकरी सोडण्यासाठी. या दोन गोष्टी मी तोवर वेगवेगळ्या धरत होते. त्या एकच आहेत हे कळायला पुढचं जवळजवळ वर्ष गेलं.

आधी नोकरीबद्दल. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून फरकही पडणार नाही. हिंजवडीच्या कुठल्याही फेजमध्ये अशा दहा इमारती सापडतील. २०१९मध्ये मी सोलापूरहून इंजिनिअर झाले आणि कॅम्पसमधून थेट इथे आले. पहिली दोन वर्षं कोड लिहिला. मग प्रोजेक्ट बदललं आणि मी एका परदेशी विमा कंपनीच्या जुन्या सिस्टिमच्या सपोर्टमध्ये गेले. तिथे नवीन काही बांधायचं नसतं, बंद पडलेलं पुन्हा सुरू करायचं असतं. तिकीट येतं. त्यावर घड्याळ लावलेलं असतं. वेळेत बंद केलं तर कुणी विचारत नाही, नाही केलं तर सगळे विचारतात. मूळ बिघाड दुरुस्त करायला बजेट नसतं, म्हणून तोच बिघाड दर दोन आठवड्यांनी नव्या नंबरचं तिकीट होऊन परत येतो.

दर तिसऱ्या आठवड्यात माझी ऑन-कॉलची पाळी असते. रात्री दोनला फोन वाजला की दहा मिनिटांत कॉलवर हजर व्हायचं. त्या अ‍ॅपची एक ठरावीक रिंगटोन आहे. एकदा स्वारगेटला बार्शीच्या गाडीत बसले होते, रजेवर होते, आणि मागच्या सीटवर कुणाच्या तरी फोनवर तशीच टोन वाजली. माझा हात बॅगेत गेला, लॅपटॉप अर्धा बाहेर आला, आणि मग लक्षात आलं की फोन माझा नाही.

हे आईला सांगता येत नाही. तिच्या लेखी नोकरीतला त्रास म्हणजे उन्हात उभं राहणं, पगार तटणं, साहेबानं चार लोकांत बोलणं. माझ्याकडे यातलं काहीच नाही. एसी आहे, कॅब आहे, पगार महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी खात्यात पडतो. "मग होतंय काय तुला?" या तिच्या प्रश्नाचं उत्तर मला मराठीत सापडत नाही, इंग्रजीतही नाही. रविवारी दुपारी चारनंतर पोटात काहीतरी घट्ट होतं, एवढंच सांगता येतं. सहा वर्षांत मी जे काही केलं त्यातलं एकही काम बोट ठेवून दाखवता येत नाही, हेही सांगता येतं, पण ते आईला नाही.

आता घराबद्दल.

पुण्यात आल्यापासून मी चार घरं बदललीत. अविवाहित मुलगी घर शोधायला लागली की एजंट पहिला प्रश्न विचारतो, "फॅमिली आहे का?" आईवडील, बहीण, आजी ही फॅमिली नसते. फॅमिली म्हणजे नवरा. घर मिळालं तर अकरा महिन्यांचा करार, आणि त्यासोबत तोंडी नियमांची वेगळी पुरवणी. दहानंतर पाहुणे नकोत, मित्र नकोत, गच्चीवर कपडे नकोत. वाकडच्या एका घरात आम्ही दोघी राहायचो. मालक चांगले होते. एका मंगळवारी दुपारी त्यांचा फोन आला, फ्लॅट विकलाय, महिन्याभरात रिकामा करा. ते करारात बसत होतं, त्यामुळे भांडायलाही काही नव्हतं. आईनं दिवाळीत पाठवलेली वीस किलो ज्वारी तिसऱ्यांदा टेम्पोत चढवताना मी ठरवलं, आता पुरे.

इन्स्टाग्रामवरचे पैशाचे सल्लागार सांगतात की भाड्यानं राहा, उरलेल्या पैशांची एसआयपी करा, घर ही तोट्याची गुंतवणूक आहे. त्यांचं गणित चुकत नाही. मी स्वतः तक्ता मांडून पाहिलाय. फक्त त्या तक्त्यात मंगळवारी दुपारी येणाऱ्या फोनचा रकाना नसतो.

तर मी फ्लॅट बघायला लागले. पुनावळ्यात एक प्रकल्प पसंत पडला. टू-बीएचके, ७५ लाख, ताबा तीन वर्षांनी. सॅम्पल फ्लॅट बघितला, ज्यात पलंग नेहमीपेक्षा लहान असतो आणि दारं काढून ठेवलेली असतात. महारेराच्या साइटवर जाऊन नोंदणी, ताब्याची जाहीर केलेली तारीख, चालू खटले, सगळं तपासलं. २०१७पासून ही सोय झालीय ती खरंच कामाची आहे. कायद्यानं चटई क्षेत्रच सांगावं लागतं आणि करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. घराबाबत जेवढं तपासता येतं तेवढं मी तपासलं.

मग बँकेत गेले. तिथला अधिकारी माझ्याच वयाचा होता. त्यानं घराबद्दल दोनच प्रश्न विचारले, किंमत किती आणि बिल्डर कोण. बाकी सगळे प्रश्न नोकरीबद्दल होते. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, दोन वर्षांचे फॉर्म सोळा, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, या कंपनीत किती वर्षं, एकूण अनुभव किती, मध्ये खंड आहे का. हातात येणारा पगार १ लाख ५ हजार. त्यानं कॅल्क्युलेटरवर बोटं चालवली आणि म्हणाला, "साठ लाख आरामात होतील, मॅडम." आणि निघताना, अगदी आपुलकीनं, "फक्त पूर्ण डिस्बर्समेंट होईपर्यंत नोकरी बदलू नका."

बांधकाम चालू असलेल्या घराचं कर्ज एकदम मिळत नाही, स्लॅब पडत जातील तसं टप्प्याटप्प्यानं सुटतं. ताबा तीन वर्षांनी म्हणजे त्याचं 'फक्त' हे तीन वर्षांचं होतं. तोवर सुटलेल्या रकमेवरचं व्याज बँकेला आणि राहत्या घराचं भाडं मालकाला, असं दोन्हीकडे चालू राहणार होतं.

बिल्डिंगला अजून पाया नव्हता. तारण म्हणून त्या टेबलावर प्रत्यक्षात एकच गोष्ट उभी होती, मी सोडायला निघालेली नोकरी.

त्या रात्री मी गुगल शीट उघडली. आकडे लिहितेय, कारण ते तुमच्याही कामाला येतील. व्याजदर साडेआठ टक्के धरला. दर खाली-वर होत राहतात, पण वीस वर्षांचा हिशेब करताना थोडा चढाच धरलेला बरा.

६० लाख, वीस वर्षं, ८.५ टक्के. हप्ता ५२,०६९ रुपये. पहिल्या हप्त्यातले ४२,५०० व्याजाचे, मुद्दल फिटणार ९,५६९. हप्त्यात मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा व्हायला सुमारे १४२ महिने लागतात, म्हणजे जवळजवळ बारा वर्षं. मी अठ्ठावीसची. चाळिशीपर्यंत माझ्या पगाराचा जो भाग घराकडे जाणार होता, त्यातला मोठा हिस्सा घराला लागणारच नव्हता. वीस वर्षांत एकूण भरायचे साधारण १ कोटी २५ लाख.

आणि हे कर्ज फक्त किमतीच्या ऐंशी टक्के. उरलेले १५ लाख माझे. वर पाच टक्के जीएसटी, ३ लाख ७५ हजार. मुद्रांक शुल्क आमच्याकडे उपकर धरून सात टक्के, घर बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत, म्हणून सहा, ४ लाख ५० हजार. नोंदणी ३० हजार. वरचे सगळे मिळून ८ लाख ५५ हजार. सहा वर्षांत साठवलेले माझ्याकडे १५ लाख होते. म्हणजे नेमके करांपुरते पैसे कमी पडत होते.

ते पप्पा देणार होते. "माझी एफडी मोडू की. मला काय करायचीय ती?" असं ते फोनवर दोनदा म्हणाले होते. पप्पा झेडपीच्या शाळेत शिक्षक होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पेन्शन आहे, पण ती एफडी म्हणजे त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन, आईचं आजारपण, बहिणीच्या बाळंतपणाचं येणंजाणं, सगळं आहे. ती मोडून त्यातून जीएसटी भरायचा, हे माझ्या पचनी पडेना.

गणपतीत बार्शीला गेले तेव्हा लॅपटॉप उघडून त्यांना शीट दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळे रकाने वाचले. गणित हा त्यांचा विषय. १४२वर बोट ठेवून बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "आम्ही पैसे असले की भिंत घालायचो, नसले की थांबायचो. भिंत काय पळून जातीय? तुमची बँक थांबती का?"

आमचं बार्शीचं घर उपळाई रोडच्या बाजूला आहे, दोन गुंठ्यांत. शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढून पप्पांनी १९९९मध्ये दोन खोल्या उभ्या केल्या. गिलावा आतून केला, बाहेरून राहिला. स्वयंपाकघरात फरशी आली तेव्हा मी पहिलीत होते. त्याआधी शहाबादी होती, तीही निम्म्या खोलीत. जिना २००८ला झाला. तोवर गच्चीवर पापड वाळवायला आई शिडीनं चढायची. वरची खोली २०१२ची. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी त्याच खोलीत बसून वर्षभर ऑफिस केलं. गच्चीवर अजूनही सळया वर आलेल्या आहेत, पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या. गंजू नयेत म्हणून पप्पांनी त्यांना प्लॅस्टिकच्या बाटल्या उलट्या घातल्यात. लहानपणी मला त्या सळयांची लाज वाटायची. मैत्रिणींची घरं रंगवलेली, आमचं कायम अर्धवट.

त्या गणपतीत गच्चीवर बसले असताना मला त्या सळया वेगळ्या दिसल्या. ज्या वर्षी बहिणीला टायफॉइड झाला त्या वर्षी घरात एक वीटही लागली नाही. आजोबा गेले त्या वर्षी नाही. पप्पांची बदली तालुक्याच्या टोकाला झाली आणि एसटीतच जीव जायला लागला, तेव्हा दोन वर्षं नाही. पतसंस्थेचा हप्ता होता, पण तो पगाराच्या मानानं छोटा होता. मोठं काम हातातल्या पैशांवर चालायचं. घर थांबायचं, माणसं पुढे जायची. पुन्हा जमलं की घर पुन्हा सुरू.

तेव्हाच्या शिक्षकाला हे शक्य होतं, कारण जागा स्वस्त होती आणि नोकरी पक्की होती. माझ्याकडे यातलं काही नाही. पुण्यात दोन गुंठ्यांचं नावही काढता येत नाही, आणि फ्लॅट अर्धा विकत घेता येत नाही. पण थांबता येणं ही गोष्ट घराच्या किमतीइतकीच मोजायला हवी, हे त्या गच्चीवर माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

हप्ता न थांबणं म्हणजे काय, हे मी ऑफिसात पाहिलंही होतं. एका सहकारी मैत्रिणीनं २०२१मध्ये ५० लाखांचं कर्ज घेतलं, दर ६.७च्या आसपास, हप्ता ३७,८७० रुपये. मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो दर चारवरून साडेसहावर गेला. तिचं कर्ज रेपोला जोडलेलं, दर सव्वानऊच्या घरात गेला. आता हे बघा, ५० लाखांवर ९.२ टक्क्यांनी एका महिन्याचं नुसतं व्याज होतं ३८,३३३. तिच्या हप्त्यापेक्षा जास्त. थोडंफार मुद्दल फिटलं होतं म्हणून तिचा हप्ता व्याजाला कसाबसा पुरत होता. बँकेनं हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवली होती, आणि हे तिला अ‍ॅपवर सहज बघताना कळलं. असं खूप जणांचं झालं. ऑगस्ट २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं की दर बदलला तर कर्जदाराला कळवा, हप्ता वाढवायचा की मुदत हे त्याला निवडू द्या. २०२५च्या पहिल्या सहामाहीत रेपो पुन्हा साडेपाचवर आला. पण मधल्या काळात ती मैत्रीण दोन चांगल्या ऑफर सोडून बसली, कारण दोन्ही ठिकाणी पगाराचा मोठा भाग व्हेरिएबल होता.

बार्शीहून परत आल्यावर मी एक प्रयोग केला. घर न घेताच हप्ता सुरू केला. माझ्या वाट्याचं भाडं १३ हजार जात होतंच, म्हणून दर पाच तारखेला ३९ हजार वेगळ्या खात्यात टाकायचे, एकूण ५२. नेहमीच्या बचतीला हात लावायचा नाही म्हणून ती पूर्ण थांबवली. सहा महिने.

पैसे कमी पडतील असं वाटलं होतं. फार पडले नाहीत. बाहेरचं खाणं कमी झालं, एक ट्रेक रद्द झाला, एवढंच. बदल दुसरीकडे झाला. तिसऱ्या महिन्यात ऑन-कॉलच्या जादा पाळ्या कोण घेणार असं विचारलं गेलं, आणि भत्ता मिळतो म्हणून मी हात वर केला. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये माझं रेटिंग खाली आणलं गेलं, आणि मी कारण विचारण्याऐवजी "ओके, समजलं" म्हणाले. चौथ्या महिन्यात बाणेरच्या एका छोट्या कंपनीकडून फोन आला. अठरा माणसं, धान्याच्या गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवतात. ज्वारी-तुरीच्या बाजारपेठेत वाढलेल्या मला ते काम लगेच कळलं. इंटरव्ह्यूत दीड तास आम्ही कोडबद्दल बोललो, आणि बाहेर पडल्यावर मला जाणवलं की घड्याळ एकदाही बघितलं नव्हतं. ते हातात ७८ हजार देणार होते. मी गाडीत बसता बसता वजाबाकी केली, ७८ वजा ५२, आणि संध्याकाळी मेल लिहिला की सध्या जमणार नाही.

घर अजून नव्हतं, कर्ज अजून नव्हतं, आणि माझ्या वतीनं हप्ता बोलायला लागला होता.

मग मी शीट उलटी केली. बँकेनं पगारावरून हप्ता काढला होता आणि हप्त्यावरून घर. मी विचारलं, मला ज्या पगारावर आनंदानं काम करता येईल तो पगार किती? ७८ हजार. त्याच्या एक तृतीयांश म्हणजे २६ हजार. २६ हजारांत साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज किती बसतं? ३० लाख. हप्ता २६,०३५.

बँक देत होती त्याच्या बरोबर निम्मं.

३० लाखांच्या कर्जात पुनावळ्याचा टू-बीएचके येत नाही. पिंपळे गुरवमध्ये वन-बीएचके येतो. सतरा वर्षं जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, ४२ लाख. राहतं घर विकत घेताना जीएसटी नाही. मुद्रांक आणि नोंदणी मिळून २ लाख ८२ हजार. माझ्या पदरचे १२ लाख धरून १४ लाख ८२ हजार. प्रयोगाचे २ लाख ३४ हजार मिळवून माझ्याकडे आता १७ लाख ३४ हजार होते. दलाली, वकील आणि किरकोळ दुरुस्ती गेली की दीड लाख उरतात, म्हणजे जवळपास सहा हप्ते. पप्पांची एफडी जागच्या जागी राहते. आणि कर्ज एकदम सुटत असल्यामुळे नोकरी बदलू नका हा सल्ला तीन वर्षांचा न राहता काही आठवड्यांचा होतो.

पण मला सगळ्यात आवडलेला आकडा पुढचा आहे. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर दंड लागत नाही. या नोकरीत असेपर्यंत मी हप्त्याखेरीज दर महिन्याला आणखी २६ हजार भरू शकते. म्हणजे खिशातून तेच ५२ जाणार, पण त्यातले २६ सक्तीचे आणि २६ माझ्या मर्जीचे. असंच चालू राहिलं तर कर्ज वीसऐवजी सव्वासहा वर्षांत फिटतं. मध्येच नोकरी सोडली तर वरचे २६ थांबवायचे, कुणाची परवानगी लागत नाही. पगार बरा असला की भिंत घालायची, नसला की सळया तशाच वर सोडायच्या.

हे सगळ्यांना जमेल असं मी म्हणत नाही. ज्यांच्या पगारावर चार माणसं आहेत, ज्यांना दोन खोल्या लागतातच, त्यांना लहान घर घ्या हे सांगणं सोपं आणि पोकळ आहे. माझ्यावर आज कुणी अवलंबून नाही म्हणून मला हे गणित मांडता आलं. पण गणित कुणाचंही असो, त्यात एक आकडा स्वतःच भरावा लागतो. बँक तुम्हाला जास्तीत जास्त किती झेपेल ते सांगते. तुम्हाला कशावर भागवून मोकळं राहता येईल, हे ती विचारत नाही, आणि ते तिचं कामही नाही.

या निर्णयाची किंमतही आहे. एकच बेडरूम आहे, आईपप्पा आले की मी हॉलमध्ये झोपणार. पप्पांच्या गुडघ्यांना तीन मजले म्हणजे शिक्षा. इमारतीचं मानीव अभिहस्तांतरण झालंय की नाही, भाग दाखला कुणाच्या नावावर आहे, सोसायटीचं ना-हरकत पत्र, आधीच्या मालकाचं कर्ज फिटल्याचा कागद, या शोधाशोधीत माझे पाच शनिवार गेले. ऑफिसात सांगितलं तर एकजण म्हणाला, "एवढा पगार असून वन-बीएचके?" त्यात वाईट हेतू नव्हता, खरंच आश्चर्य होतं.

घरच्यांचं वेगळंच. मावशीच्या मते लग्नाआधी मुलीनं घर घेणं म्हणजे देवळात जायच्या आधीच प्रसाद खाणं. दिवाळीनंतर एक स्थळ आलं होतं. मुलगा बरा होता, बोलत होता नीट. चहा झाल्यावर त्याच्या काकांनी पप्पांना विचारलं, "मुलीच्या नावावर लोन किती राहील?" मुलाच्या नावावर बाणेरच्या फ्लॅटचं ९० लाखांचं कर्ज होतं, ते त्यांनी आधीच कौतुकानं सांगितलं होतं. पप्पा म्हणाले, "तिचं ती बघती." त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. आईला दोन दिवस वाईट वाटलं, मला अर्धा.

नोकरी अजून तीच आहे. बाणेरच्या कंपनीतली ती जागा भरली गेली. त्यांनी मेलला छान उत्तर दिलं आणि पुन्हा जागा निघाली तर कळवू म्हणाले. दुसऱ्या दोन ठिकाणी बोलणं चालू आहे. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड आहे, त्यामुळे आज सगळं जुळलं तरी इथून सुटायला तीन महिने लागतील. दोनचा फोन अजून वाजतो आणि छातीत अजून धडधडतं. फक्त गेल्या महिन्यात सलग दुसऱ्या वीकेंडला रिलीजसाठी थांबायला सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "मला या शनिवारी जमणार नाही." पलीकडे दोन सेकंद शांतता झाली. मग दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेतलं गेलं आणि मीटिंग पुढे सरकली. यापेक्षा जास्त काही झालं नाही.

पुढच्या आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवायचा आहे. मागच्या रविवारी पप्पा घर बघायला आले होते. तीन मजले चढायला त्यांना दहा मिनिटं लागली, मध्ये दोनदा कठड्याला धरून थांबले. वर आल्यावर पाणीही न पिता सगळ्या भिंती बोटाच्या पेरानं वाजवून पाहिल्या, बाथरूमच्या मागची भिंत दोनदा. खिडकीखाली एके ठिकाणी रंगाचे पोपडे आले होते, तिथं तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले. "रंग एवढ्यात काढू नकोस," म्हणाले. "एक पावसाळा जाऊ दे. ओल कुठनं येतीय ती आधी बघू."